कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि कर्तेपणाचा प्रश्न

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर हे प्रवाळांच्या टाकीला चुना पुरवणारे साधन आहे. एका बंद नळकांड्यात अ‍ॅरागोनाइटचे खडे भरतात. बहुधा ते मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांचेच तुकडे असतात. टाकीतले खारे पाणी पंपाच्या जोरावर या खड्यांमधून गोल फिरत राहते आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी त्यात सोडला जातो. वायू पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल तयार होते. टाकीत ८.१ ते ८.३ असणारा पीएच नळकांड्यात ६.५ ते ६.७ पर्यंत उतरतो आणि एरवी त्या पाण्यात न विरघळणारा दगड विरघळू लागतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांनी संपृक्त झालेले हे पाणी एका बारीक नळीतून थेंबाथेंबाने टाकीत परत येते. तिथे प्रवाळ ही क्रिया उलटी चालवतात: पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतात, त्यांचा पुन्हा दगड करतात आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा सोडतात. अशा रीतीने जुन्या प्रवाळाचा सांगाडा नव्या प्रवाळाच्या अंगी लागतो.

या सगळ्यात माणसाचा हात फक्त दोन ठिकाणी पोचतो: वायूच्या नीडल व्हॉल्व्हवर आणि बाहेर पडणाऱ्या थेंबांच्या नळीवर. सांगाडा बांधण्याच्या कामात त्याला शिरकाव नाही. तरीही टाकी बहरली की ‘मी प्रवाळ वाढवले’ असे तो म्हणतो आणि टाकी मेली की ‘यंत्राने दगा दिला’ असे म्हणतो. या दोन वाक्यांपैकी निदान एक चूक असले पाहिजे, कदाचित दोन्ही. कर्म घडते तेव्हा कर्ता कोण, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे अगदी लहान, मोजता येईल अशा रूपात समोर येतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. हे पाच असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता मानतो त्याची दृष्टी सदोष आहे, असेही तिथेच म्हटले आहे. भाष्यकारांचे यावर एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते आत्मा मुळातच अकर्ता आहे आणि ही पाच कारणे देह-इंद्रियांच्या प्रांतातली आहेत. रामानुजाचार्य जीवाचे कर्तेपण मान्य करतात, पण ते अंतर्यामी परमात्म्यावर अवलंबून आहे असे सांगतात. त्यांच्या मते पाचवे कारण म्हणजे तोच परमात्मा. टिळकांनी ‘गीतारहस्या’त दैवाचा अर्थ लावताना माणसाच्या प्रयत्नांबाहेर अखंड चालणाऱ्या, त्याला पुरते ठाऊक नसलेल्या सृष्टिव्यापारांकडे लक्ष वेधले. प्रस्तुत विषयाला हा शेवटचा अर्थ सर्वांत जवळचा आहे.

महाराष्ट्रातल्या बीड जिल्ह्यालाही गीतेचा हा विचार परका नाही. आंबेजोगाईला राहून दासोपंतांनी (१५५१–१६१५) गीतेवर ‘गीतार्णव’ रचला. सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ म्हणून त्याची ख्याती आहे. त्यांची ‘पासोडी’ तर मराठीतले एक नवलच आहे. कित्येक हात लांबीच्या जाड कापडावर त्यांनी पंचीकरण हा विषय ओव्यांत लिहून काढला. वेदान्तातल्या या प्रक्रियेप्रमाणे पाच सूक्ष्म भूते जशीच्या तशी व्यवहारात येत नाहीत. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा असतो आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी एक अष्टमांश. हे आधुनिक रसायनशास्त्र आहे असे म्हणणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल. पण समोर दिसणारी वस्तू एकाच कारणातून आलेली नसते आणि तिच्या घडणीत न दिसणाऱ्याचाही ठरलेला वाटा असतो, ही शिस्त पासोडी वाचणाऱ्याच्या मनाला लागते. रिअ‍ॅक्टरपुढे उभ्या राहणाऱ्याला नेमकी तीच लागते.

पाच कारणांची चौकट रिअ‍ॅक्टरला लावायची तर एक खुलासा करावा लागतो. परंपरेने अधिष्ठान म्हणजे देह आणि करणे म्हणजे इंद्रिये. ती देहाबाहेरच्या यंत्रापर्यंत नेणे हा अर्थाचा विस्तार आहे. तो मान्य केला तर टाकी, तिचे पाणी आणि नळकांड्यातला दगड हे अधिष्ठान. व्हॉल्व्ह फिरवणारा कर्ता. रेग्युलेटर, सोलेनॉइड, पीएच प्रोब, पंप ही करणे. पाण्याचे फिरणे, बुडबुड्यांचे विरणे, थेंबांचे पडणे या चेष्टा. प्रवाळाच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल प्रकाशात अन्न तयार करते, त्या बळावर दिवसा सांगाडा भराभर वाढतो आणि रात्री ती गती मंदावते. हा व्यापार कोणी सांगितला म्हणून चालत नाही आणि थांबतही नाही. तो पाचव्या खात्यात जातो.

कर्त्याच्या वाट्याला उरते ते माप. ५०० लिटरच्या टाकीत प्रवाळ रोज दीड डीकेएच अल्कता वापरतात असे धरू. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता आणि डीकेएच हे ती मोजण्याचे एकक. समुद्राच्या पाण्यात ती सुमारे ७ डीकेएच असते आणि टाकीत ७ ते ११ च्या दरम्यान ठेवतात. रिअ‍ॅक्टरमधून येणाऱ्या पाण्याची अल्कता ३० आणि टाकीची ८ असेल तर प्रत्येक लिटरमागे २२ ची भर पडते. रोजची गरज ७५० भरते, तिला २२ ने भागले की ३४ लिटर. म्हणजे मिनिटाला २४ मिलीलिटरच्या जवळपास पाणी सोडावे लागेल. दगडाच्या हिशेबात हे रोजचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास होते, वर्षाला जवळजवळ पाच किलो. एवढा दगड एका कपाटाएवढ्या टाकीतले जीव पाण्यातून गाळून अंगावर चढवतात, ही गोष्ट आकड्यांत मांडली तरी थक्क करते.

हे गणित सुरुवातीपुरते. खरे जुळवणे त्यानंतरचे. आधी थेंबांचा वेग ठरवून तो स्थिर ठेवायचा, मग वायू वाढवत नळकांड्यातला पीएच हळूहळू खाली आणायचा, निदान एक दिवस थांबायचे, बाहेर येणाऱ्या पाण्याची आणि टाकीची अल्कता मोजायची, आणि मगच पुन्हा हात लावायचा. बुडबुडे मोजून वायूचा अंदाज येतो, पण बुडबुड्याचा आकार दाबाप्रमाणे बदलतो, म्हणून त्यावर विसंबणे धोक्याचे. पीएच फार खाली गेला तर खड्यांचा चिखल होतो, तो चाळणीत बसतो आणि पाणी फिरायचे थांबते. फार वर राहिला तर दगड जागचा हलत नाही. या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे आणि ती दगडाच्या जातीनुसार सरकते.

रिअ‍ॅक्टरची एक मर्यादा अनुभवी माणसेही विसरतात. हे यंत्र कॅल्शियम आणि अल्कता यांची भर ठरलेल्या प्रमाणातच घालते: प्रत्येक एक डीकेएचमागे लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम. दगडात ते त्याच प्रमाणात बांधलेले आहे. टाकीतले कॅल्शियम ३५० पर्यंत घसरले आहे आणि अल्कता मात्र ११ वर आहे, अशी स्थिती असेल तर रिअ‍ॅक्टर कितीही जोरात चालवला तरी ती विषमता मिटत नाही. ती आधी वेगळ्या क्षारांनी दुरुस्त करावी लागते. आहे तो तोल राखणे हेच या यंत्राचे काम. बिघडलेला तोल सावरण्याचे काम त्याच्याकडून मागणे म्हणजे करणाकडून कर्त्याच्या विवेकाची अपेक्षा करणे होय.

आता बिघाडाकडे. कर्तेपणाच्या प्रश्नाची खरी परीक्षा इथे होते, कारण सगळे सुरळीत चालू असताना पाच कारणे एकमेकांत विरघळून गेलेली असतात. बिघडले की ती वेगळी दिसू लागतात.

टाकीची अल्कता रोज थोडी थोडी घसरते आहे, एवढेच लक्षण घ्या. सिलिंडर रिकामा झाला असेल. थेंबांच्या नळीच्या तोंडाशी चुना बसून ती बुजली असेल. नळीबाहेर येताच वायू उडून जातो आणि विरघळलेला दगड पुन्हा दगड होतो, तेव्हा हे वारंवार घडते. खडे झिजून कमी झाले असतील. नळकांड्याच्या माथ्यावर वायूचा फुगा साचून पंप नुसताच खळखळत असेल. मॅग्नेशियम कमी पडल्याने चुना प्रवाळांऐवजी हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर बसत असेल; समुद्रात लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असलेले मॅग्नेशियम ही आपोआप होणारी गाळण रोखून धरते. किंवा काहीच बिघडलेले नसेल, प्रवाळ वाढले असतील आणि त्यांची भूकही. अखेरचे कारण ओळखायला सर्वांत कठीण, कारण ते यशाच्या रूपाने येते.

याहून फसवा बिघाड प्रोबचा असतो. पीएच प्रोब कालांतराने खोटे बोलू लागतो. तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागला तर त्याच्या आकड्यावर चालणारा नियंत्रक वायू लवकर बंद करतो. दगड विरघळत नाही, टाकी उपाशी राहते आणि पडद्यावर मात्र ठरवलेला ६.६ झळकत असतो. उलट तो जास्त दाखवू लागला तर वायू सुटतच राहतो आणि खड्यांचा चिखल होतो. ४ आणि ७ पीएचच्या प्रमाण द्रावणांत प्रोब वेळोवेळी पडताळून पाहणे हा त्यावरचा एकमेव इलाज. सिलिंडर संपत आल्यावर एकपदरी रेग्युलेटरचा दाब अचानक वाढून उरलेला वायू एकदम ओतला जातो, हा धोकाही करणांच्याच खात्यातला. दुपदरी रेग्युलेटर तो टाळतो.

टाकीचाच पीएच सतत खाली राहत असेल तर दोष बहुधा शिल्लक राहिलेल्या वायूचा असतो. त्यासाठी बाहेर पडणारे पाणी खड्यांच्या दुसऱ्या नळकांड्यातून नेतात, म्हणजे उरलेला वायूही दगड विरघळवण्यात खर्ची पडतो. किंवा रात्री चुन्याची निवळी टाकीत थेंबाथेंबाने सोडतात. निवळी कार्बन डायऑक्साइड शोषते आणि वर थोडे कॅल्शियमही देते.

अशा वेळी कारण नेमके कसे शोधायचे, याचे सर्वांत काटेकोर शास्त्र न्यायदर्शनाने दिले. कार्याच्या आधी नियमाने असते आणि अन्यथासिद्ध नसते ते कारण, अशी त्याची व्याख्या. अन्यथासिद्ध म्हणजे हजर असले तरी घडवण्याशी ज्याचा संबंध नाही ते. नैयायिकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: मडके घडण्याआधी माती वाहून आणणारे गाढव तिथे होते, तरी ते मडक्याचे कारण नव्हे. टाकी सांभाळणाऱ्यांच्या मनात अशी अन्यथासिद्धे फार असतात. प्रवाळ फिकट पडले त्या आठवड्यात मीठ बदलले होते, दिवा बदलला होता, नवा मासा आणला होता. यांपैकी जे सर्वांत जास्त डोळ्यांत भरले ते कारण ठरते. न्यायाने यावर अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी सांगितली: ते असताना कार्य होते का, आणि ते नसताना होत नाही का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाण्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा, हा टाकीचा नियम म्हणजे अन्वय-व्यतिरेकच. तीन गोष्टी एकदम बदलणारा कदाचित टाकी वाचवेल, पण त्याला काहीच कळलेले नसेल.

बीड जिल्ह्यातला शेतकरी हाच प्रश्न मोसंबीच्या बागेत सोडवत असतो. बालाघाटच्या रांगा आणि त्यांच्या पायथ्याची काळी जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टची आहे. पावसाचे पाणी मातीत मुरते, मुळांच्या श्वासातून आलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि ते खडकातले कॅल्शियम सोडवून घेते. कोरड्या हंगामात पाणी उडून जाते, वायूही जातो आणि चुनखडीचे खडे मागे राहतात. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर जे नळकांड्यात करतो तेच इथे कोणाच्याही हाताविना जमिनीत चालते, लाखो वर्षे. या चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह कमी आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात लोह असते, पण चुन्याने चढलेला पीएच ते झाडाला मिळू देत नाही. म्हणून नुसते लोह ओतून फारसे साधत नाही. ते झाडाला घेता येईल अशा रूपात द्यावे लागते. उणीव कुठे दिसते आणि ती कशामुळे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकीत आणि बागेत हा भेद एकच आहे.

इथे बौद्ध विचार एक पाऊल पुढे जातो. प्रतीत्यसमुत्पादाच्या दृष्टीने हे असले की ते होते, हे थांबले की ते थांबते. या साखळीत कायम टिकणाऱ्या कर्त्याला जागा नाही, आणि त्याची गरजही नाही. चुनखडीच्या बाबतीत हे अगदी पटते. मातीत चुना कोणी साठवला, असे कोणी विचारत नाही. रिअ‍ॅक्टरच्या बाबतीतही कारणांची यादी पुरी केली की ‘मी’ हा शब्द बिघाड शोधायला काहीच मदत करत नाही, उलट आड येतो. मात्र बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटले, म्हणजे आत्मा नाकारला तरी जबाबदारी नाकारली नाही. साखळीत जिथे हेतू शिरतो तिथे हिशेबही शिरतो.

हा हिशेब रिअ‍ॅक्टरच्या जन्मापासूनच सुरू होतो. मालवणजवळच्या खडकांवर, जिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, प्रवाळांना कोणी चुना पुरवत नाही. अथांग पाण्यात त्याची कमतरताच पडत नाही. काचेच्या टाकीत ते आणले की ५०० लिटरांतला साठा काही दिवसांत संपतो आणि माणसाला दैवाच्या जागी उभे राहावे लागते. जे काम समुद्र निर्हेतुकपणे करत होता ते आता एका व्हॉल्व्हवर आणि एका माणसाच्या लक्षावर येऊन ठेपते. परावलंबन ज्याने निर्माण केले त्याच्यावर पोषणाचे बंधन येते. दान म्हणून नव्हे, ऋण म्हणून. भारतात हा प्रश्न कायद्यानेही हाताळला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ वाघाच्या बरोबरीने आहेत, त्यामुळे ते समुद्रातून काढून घरच्या टाकीत ठेवण्याची मुभा इथे नाही. हा कायदा योग्य आहे असेच म्हटले पाहिजे. कर्तेपण पेलण्याची तयारी नसताना ते ओढवून घेणे ही हिंसेचीच एक रीत आहे, मग त्यामागे कितीही प्रेम असो.

पण कर्तेपण टाकीच्या काचेपाशी संपत नाही, आणि या टप्प्यावर बीड जिल्हा पुन्हा चर्चेत येतो, आता मातीमुळे नव्हे तर कोळशामुळे. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगभरच्या धुराड्यांतून आणि वाहनांतून निघणाऱ्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हवेतले त्याचे प्रमाण औद्योगिक युगाआधी दशलक्षात २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहे, आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण पीएचची पट्टी घातांकाची असल्याने आम्लता सुमारे पाव पटीने वाढली असा त्याचा अर्थ होतो. रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्यात मुद्दाम जे केले जाते तेच समुद्रात सौम्यपणे, न ठरवता चालू आहे: वायू सोडायचा, पीएच उतरवायचा आणि चुन्याला विरघळण्याच्या दिशेने ढकलायचे. प्रवाळांना सांगाडा बांधायला त्यामुळे जास्त ऊर्जा खर्चावी लागते.

या कर्माचा कर्ता कोण? दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले, तेव्हा विजेचा तुटवडा झाला म्हणून हळहळ झाली; समुद्राला तेवढीच उसंत मिळाली असे कोणाच्या मनात आले नसेल, आणि येण्याचे कारणही नव्हते. अधिष्ठान म्हणजे सगळे वातावरण, करणे म्हणजे हजारो बॉयलर, चेष्टा म्हणजे अब्जावधी बटणे, आणि त्यांमध्ये बीडच्या विहिरीवरचा कृषिपंपही आला. गीतेच्या यादीत कर्ता एकवचनी आहे. इथे तो इतक्या माणसांत विभागला आहे की प्रत्येकाला आपण अन्यथासिद्ध आहोत, मातीपाशी नुसते उभे आहोत, असे म्हणता येते. न्यायाच्या कसोटीवर मात्र हे टिकत नाही. एक बटण काढले तर कार्य थांबत नाही हे खरे, पण सगळी काढली तर थांबते. म्हणजे समूहाला व्यतिरेक लागू पडतो आणि समूह त्याच बटणांचा झालेला आहे. संच चालवणारा अभियंता, ऊर्जेचे धोरण ठरवणारे सरकार, दोनशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेले देश आणि रात्री आठ तासांची वीज मिळाली तर पिकाला पाणी देणारा शेतकरी यांचा वाटा सारखा नाही. पाच कारणांची चौकट हा वाटा कोणत्या खात्यात आहे ते दाखवते. तो किती, हे मोजण्याचे साधन तिच्यात नाही. ते माप धर्मशास्त्राने अजून तयार केलेले नाही, आणि रसायनशास्त्राकडे ते मागता येत नाही.